चंदगडच्या वाटेचे टायर

चाकांचा आवाज ऐकत झोपायची सवय मला वडापनं लावली. वडाप म्हणजे आमच्या भागातली सवारी जीप. तिच्यात जागा दहा जणांची असते आणि बसलेली माणसं अठरा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी कॉलेजात होतो आणि आईला तिच्या माहेरी पोचवायचं काम माझ्याकडं असे. गडहिंग्लजपर्यंत एसटी, पुढं वडाप. तिचं गाव चंदगड तालुक्यात, पार आत, जिथं भात आणि काजू पिकतात आणि वर्षातले चार-पाच महिने कपडे वाळत नाहीत.

त्या जीपचे टायर झिजून गुळगुळीत झाले की त्यांच्यावर पुन्हा रबराची नवी नक्षी चढवत. असा टायर डांबरी रस्त्यावर एक संथ, जाडसर सूर धरतो. मी कुणाच्या तरी खांद्यावर मान टाकून झोपे. खांद्याच्या मालकाची हरकत नसे, कारण तोही पलीकडच्याच्या खांद्यावर झोपलेला असे. मधेच एखादा खड्डा आला की अठरा डोकी एकदम वर जात, एकदम खाली येत आणि पुन्हा आपापल्या खांद्यावर विसावत. झोपेतच कुणीतरी म्हणे, ‘‘पावणं, तुमचं गाव आलं बघा.’’ उतरल्यावर कितीतरी वेळ पायांखालची जमीन गुणगुणत राही.

प्रवासातल्या आरामाबद्दल तेव्हा कुणी बोलत नसे. एसटीनं जादा भाड्याच्या गाड्यांना ‘निमआराम’ असं नाव दिलं होतं. मराठीत गाड्यांवर लिहिलेल्या मजकुरात इतका प्रामाणिक शब्द मी दुसरा पाहिला नाही. अर्धा आराम आम्ही देऊ, उरलेला अर्धा तुमचा तुम्ही बघा.

टायर हा विषय घरात आला तो दहा-बारा वर्षांनी, दादामुळं. माझा थोरला भाऊ. त्याचं सळी-सिमेंटचं दुकान होतं आणि दोन हजार सालानंतर शहरात जी बांधकामं उठली, त्यांतल्या बऱ्याच इमारतींच्या पोटात त्याची सळी गेली. मग त्यानं एक उंच, रुंद, काळी गाडी घेतली. घेतली ती दुसऱ्यानं वापरलेली, पण ते फक्त घरातल्यांना माहीत. तिचं बोनेट इतकं उंच होतं, की समोरून सायकलवाला आला तर आतून त्याची टोपी तेवढी दिसे. गाडी पहिल्यांदा नृसिंहवाडीला नेली. तिच्या चारी चाकांखाली लिंबं ठेवली, गळ्यात... म्हणजे जिथं गाडीचा गळा असावा असं आम्ही ठरवलं तिथं, झेंडूचा हार घातला. वडील असताना त्यांची साठी केली होती, तेव्हाचा हार याच्या निम्मा होता.

एवढ्यानं दादाचं भागलं असतं. पण एका लग्नात त्याला कुठल्याशा कारखान्याच्या संचालकाची गाडी दिसली. तिला ‘ऑल टेरेन’ टायर होते. रुंद, उंच, अंगावर ढेकळांसारखे रबराचे ठोकळे असलेले. आठवड्याभरात दादानं तसे चार टायर नव्या चकचकीत रिमांसकट आणले. टायरच्या दुकानातनं मिळालेलं रंगीत पत्रक त्यानं मला वाचायला दिलं, कारण घरात वाचणारा म्हणून मीच प्रसिद्ध. पत्रकात तसली गाडी एका खडकावर उभी होती आणि मागं बर्फ होतं. बर्फ, वाळू, खडक, चिखल, कशावरही चालतात म्हणे. आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत यांतला चिखल तेवढा होता आणि तोही नळाची लाइन फुटली तरच.

गाडीबरोबर आलेले मूळचे टायर, म्हणजे साध्या बारीक नक्षीचे, डांबरी रस्त्यासाठीचे, रिमांसकट गच्चीवर गेले. वहिनींनी त्यांच्यावर फळी टाकली आणि सांडगे वाळत घालायला सुरुवात केली. हे त्या टायरांचं निवृत्तीनंतरचं आयुष्य. मला ते सन्मानाचं वाटलं.

नवे टायर बघायला रोज संध्याकाळी दादाचे मित्र जमत. बघायची रीत ठरलेली असे. आधी बुटाच्या टोकानं हलकेच एक लाथ, मग अंगठ्यानं दाब, मग पाठीमागं हात बांधून थोडा वेळ शांतता.

‘‘दगड हाय की रं!’’ एक जण म्हणे.

‘‘मग! टायर कसा पायजे? तालमीतल्या गड्याच्या दंडासारका.’’ दादा म्हणे.

अंगठा आत गेला नाही की दादाचा चेहरा खुले. तो अंगठा तसाच बाहेर राहावा म्हणून पंपावर गेला की तो हवा भरून घेई, आणि भरणाऱ्यानं हात आखडला की म्हणे, ‘‘आनी मार.’’ कोल्हापुरात ढिला या शब्दाला माणसाच्या बाबतीत जो अर्थ आहे, तोच आम्ही टायरलाही लावला होता. त्या गाडीत मागं बसून रंकाळ्यापर्यंत गेलं तरी दातांची जागा तपासून बघावी लागे. पण हे बोलायचं कुणी? गाडी बाहेरून बघायची वस्तू होती. आत बसणारे आम्ही तिच्या मानाचा भाग होतो.

त्याच वर्षी गणपती झाल्यावर आई न्हाणीत घसरून पडली. कमरेतला एक मणका चेपला. चार महिने ती आडवी होती. मग पट्टा बांधून भिंतीच्या आधारानं स्वयंपाकघरापर्यंत जायला लागली. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरून सांगितलं होतं, ‘‘हाडं ठिसूळ झाली आहेत. पुन्हा एखादा जोराचा दणका बसला आणि हा मणका आणखी दबला, तर पाय जातील. रिक्षासुद्धा नको.’’ आईनं ते शांतपणे ऐकलं आणि घरी आल्यावर मला म्हणाली, ‘‘रिक्षा नको म्हंजे पैदल बी नको, व्हय रं?’’

माघ लागला आणि चंदगडाहून निरोप आला. आईची थोरली बहीण जेवेनाशी झाली होती. आई तिला आक्का म्हणे, म्हणून आम्हीही आक्काच म्हणत होतो. आजी लवकर गेली, तेव्हा आई पाच वर्षांची आणि आक्का चौदाची. त्या चौदाव्या वर्षापासून आक्का ही आईची आई होती. दोघींची शेवटची भेट होऊन दोन वर्षं झाली होती. आईच्या भाच्यानं तिथून फोन लावून आक्काच्या कानाला धरला. आक्काला ऐकू येत नव्हतं. पलीकडून नुसतं येत राहिलं, ‘‘कोण? कोण बोलतंय?’’ आणि अलीकडून आई ओरडत राहिली, ‘‘आक्का, मी गं! मी!’’ शेवटी पलीकडं कुणीतरी फोन ठेवला. आईनं रिसीव्हर मांडीवर ठेवला आणि म्हणाली, ‘‘मला न्या.’’

डॉक्टर म्हणाले, शक्यतो नको. न्यायचंच असेल तर झोपवून, हळू, आणि दणका अजिबात लागता कामा नये. दादानं ॲम्ब्युलन्स सुचवली.

‘‘खुळा हाईस काय?’’ आई म्हणाली. ‘‘आक्काच्या दारात ॲम्ब्युलन्स हुबी ऱ्हायली तर आक्का तितंच जायाची.’’

मग दादा छाती पुढं काढून म्हणाला, ‘‘आपली गाडी हाय की. टायर तर कसलं हाईत! डोंगर चढत्यात.’’

‘‘डोंगर चढायचा प्रश्नच नाही, दादा,’’ मी म्हणालो. ‘‘तिच्या कमरेचा प्रश्न आहे. गच्चीवरचे जुने टायर मऊ आहेत. तेच लावू.’’

‘‘ते? त्येच्यावर सांडगं वाळत्यात!’’

दोन दिवस आम्ही भांडलो. त्याचं म्हणणं, चंदगडकडचा शेवटचा रस्ता उखडलेला, तिथं साधे टायर फाटायचे. माझं म्हणणं, शंभरावर किलोमीटरांतले ऐंशी तर चांगल्या डांबराचे, ते त्या ठोकळ्यांवरून आईनं का काढायचे? दोघांकडंही पुरावा नव्हता, त्यामुळं आवाज वाढत गेला. आई पट्टा बांधून कॉटवर पडल्या पडल्या ऐकत होती. तिसऱ्या दिवशी तिनं वहिनींना दोन शेर दूध जास्त घ्यायला सांगितलं.

‘‘दही लावा,’’ ती म्हणाली. ‘‘दोन डबं. सारक्या मापाचं. एक या टायरावर घेऊन जावा, एक त्या टायरावर. आक्का डोक्यावर दह्याचं मडकं घेऊन बाजारला दोन कोस जायाची. मडकं उतरलं की गिऱ्हाईक आदी बोटानं बघायचं, दही मोडलंय का. आक्काचं कदी मोडलं न्हाय. तुमच्या गाडीत दही मोडलं तर माझं कंबरडं बी मोडलं म्हनून समजा.’’

मी बऱ्यापैकी वाचलेला माणूस. परीक्षा कशी घ्यावी, दोन गोष्टींची तुलना करताना बाकी सगळं सारखं कसं ठेवावं, यावर मी तासभर बोलू शकलो असतो. आईनं ते दोन डब्यांत उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं भाऊ गाडीत दही घेऊन निघालो. आई जिथं झोपणार होती तिथं, मागच्या सीटवर, घडी घातलेल्या वाकळेवर झाकण काढलेला डबा ठेवला. मी शेजारी बसलो, पण डब्याला हात लावायला मनाई होती. रस्ता ठरवलेला होता. फुलेवाडीपर्यंत डांबर आणि पुढं उसाच्या शिवारातला, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांनी चाकोऱ्या पाडलेला मुरमाचा. आधी दादाचे टायर. डांबरावर ते घोंघावत होते, आणि दह्याच्या पृष्ठभागावर अगदी बारीक थरथर सतत दिसत होती, जशी ढोल वाजताना शेजारच्या तांब्यातल्या पाण्यावर दिसते. मुरमावर गाडी उड्या मारायला लागली. ऊसतोडीची माणसं कोयते थांबवून बघत राहिली. काळी, चकचकीत, उंच गाडी मुंगीच्या पावलानं चाललेली, आणि मागच्या सीटवर एक माणूस डब्याकडं टक लावून बसलेला.

‘‘काय नेतायसा, पावणं?’’ एकानं विचारलं.

‘‘दही,’’ दादा म्हणाला. खोटं सुचायला त्याला वेळच मिळाला नाही.

घरी आल्यावर आईनं डबा जवळ घेऊन बघितला. दह्याची चार भकलं झाली होती आणि मधून हिरवट पाणी वर आलं होतं. तिनं डबा वहिनींकडं दिला, ‘‘कढी करा.’’

मग गच्चीवरून सांडगे हलवून जुने टायर उतरवले, बसवले, दुसरा डबा घेतला. डांबरावर गाडी अशी गेली की मला वडापमधल्यासारखी पेंग आली. कसला आवाज नाही, थरथर नाही. पण मुरमावर आल्यावर एका दगडावर पुढचं चाक आदळलं तो आवाज थेट सीटमधून आला, आणि परत आलो तेव्हा हेही दही मोडलं होतं. कमी, पण मोडलं होतं.

‘‘बगितलं?’’ दादा म्हणाला. ‘‘दोन्ही सारकंच. दहीच नीट लागलं नव्हतं.’’

‘‘दह्याला नाव ठेवू नगंस,’’ आई म्हणाली, आणि तोंड भिंतीकडं केलं. त्या दिवशी ती जेवली नाही. आक्का तिकडं जेवत नव्हती, ही इकडं.

संध्याकाळी दादा आपले टायर परत चढवायला कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडं गेला. मीही गेलो. पंक्चरवाला म्हातारा होता, सीमेपलीकडून, कर्नाटकातून आलेला, प्रत्येकाला अण्णा म्हणणारा. त्यानं सगळी हकिगत ऐकून घेतली, त्यात दह्याचं ऐकून मान डोलावली, आणि दादाच्या टायरवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. मग हवेचा मीटर लावला.

‘‘अण्णा, ह्यात हवा भरलीया का राग?’’

‘‘का?’’

‘‘पंचेचाळीस हाय की! हे टायर आदीच जाड, बाजूनं कडक. त्येच्यात एवडी हवा! गादीत कापूस दांडक्यानं कुटून कुटून भरला तर मानूस झोपंल का?’’

‘‘पर टायर बसतो न्हवं कमी हवंनं. बरं दिसत न्हाय.’’

म्हाताऱ्यानं वर बघितलं. ‘‘आईला न्यायचंय का मिरवनूक काढायचीया?’’

  म्हातारा पुढं सांगत राहिला. साधा टायर डांबरावर मऊ, पण बाजूनं नाजूक. त्यातली हवा फार कमी केली तर तीक्ष्ण दगडावर चेपून फाटतो. दादाच्या टायरची बाजू जाड, हवा बरीच उतरवली तरी तो सोसतो, दगड गिळतो. फक्त मग गाडी पळवायची नाही. आणि डांबरावर तो बोलणार. त्याचं बोलणं बंद होत नाही.

‘‘किती करू?’’ त्यानं विचारलं.

दादानं पेठेकडं एकदा बघून घेतलं. ‘‘कर. पायजे तेवडी कमी कर.’’

हवा सुटायला लागली. चारी चाकांचा तो फुसकारा बराच वेळ चालला, आणि गाडी आमच्या डोळ्यांदेखत बोटभर खाली आली. टायरच्या पोटाला वळ्या पडल्या. घरी येईपर्यंत तिघांनी हाक मारून सांगितलं, ‘‘दादा, पंक्चर हाय!’’ दादा प्रत्येकाला म्हणत होता, ‘‘व्हय, व्हय.’’

रात्री लावलेल्या दह्याचा तिसरा डबा आम्ही दुसऱ्या दिवशी नेला. डांबरावर तीच बारीक थरथर. मुरमावर मात्र गाडी आता उडत नव्हती, डुलत होती, पाण्यातल्या नावेसारखी. घरी आल्यावर आईनं डबा जवळ घेतला आणि तिरका केला. दही एकसंध, वरची साय शाबूत. कडेला थोडं पाणी. तिनं बोटानं बघितलं.

मी तरीही वाद घातला. डांबराची थरथर ऐंशी किलोमीटर सोसायची, त्यापेक्षा जुन्या टायरांवर जावं आणि शेवटच्या टप्प्याला उतरून तिला उचलून न्यावं वगैरे. आईनं ऐकून घेतलं.

‘‘ते जुनं गप ऱ्हातंय आनी मग एकदम दनका देतंय,’’ ती म्हणाली. ‘‘हे बडबडतंय, पर मारत न्हाय. दारात वरडनारी म्हस बरी रं. गप हुबी ऱ्हाती ती लाथ मारती.’’

ज्याचा मणका त्याचा निकाल. आम्ही शनिवारी सकाळी निघालो.

त्या प्रवासातलं मला सगळं सलग आठवत नाही. आठवतं ते पाण्याखालून बघितल्यासारखं. आई मागच्या सीटवर वाकळेवर आडवी, तिचे पाय माझ्या मांडीवर. काचेतून तिला फक्त आभाळ आणि झाडांचे शेंडे दिसत होते, आणि त्यावरून ती गाव ओळखत होती. ‘‘कागल गेलं का?’’ गेलेलं असे. हायवेचं रुंदीकरण चालू होतं, मातीचे ढीग, अर्धवट पूल. दादा चाळीसच्या वर जात नव्हता. आम्हाला ट्रक ओलांडून गेले, एसट्या गेल्या, वडाप गेल्या, एक नवरदेव गेला. निपाणीच्या पुढं उसानं भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन, गाणी लावून, आम्हाला ओलांडून गेला. ट्रॅक्टरवाला वळून ओरडला, ‘‘ओ शेठ, चारीबी चाकं बसल्यात!’’ दादानं त्याला हात केला. रस्त्याच्या कडेचं प्रत्येक गाव आम्हाला पंक्चरची बातमी देत होतं. इतक्या लोकांना आपली काळजी आहे हे मला आधी ठाऊक नव्हतं.

टायर बोलत होते. संकेश्वर सोडल्यावर त्यांच्या सुरात मला पेंग यायला लागली, आणि आईलाही. ती झोपेत कुणाशी तरी बोलत होती. ‘‘घट्ट धर की,’’ म्हणाली, मग हसली. गडहिंग्लजच्या पुढं हवा बदलली. झाडं जवळ आली, उन्हात ओल आली. काजूच्या मोहराचा वास गाडीत शिरला, आंबूस, गोडसर, आणि मला कळेना की मी जागा आहे की वीस वर्षांचा आहे. नेसरीपासून रस्ता उखडलेला होता. दादानं गाडी अगदी पायी चालणाऱ्याच्या गतीला आणली. एक म्हातारी डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन बराच वेळ आमच्या काचेबरोबरीनं चालत होती, आणि मग पुढं निघून गेली. दगड टायरखाली येत आणि आत विरत. मी आईच्या चेहऱ्याकडं बघत होतो. एका ठिकाणी तिनं डोळे घट्ट मिटले. मग तिनं ते उघडले.

‘‘कळ आली?’’

‘‘न्हाय रं. हितं वडाचं झाड हुतं. दिसतंय का बगत हुते.’’

झाड नव्हतं. पण मी हो म्हणालो.

दुपार कलली तेव्हा पोचलो. दादा खाली उतरला आणि आईला हात द्यायच्या आधी गाडीला टेकला. त्याचे हात स्टिअरिंग धरल्यासारखेच वाकलेले राहिले होते. आईला आम्ही दोघांनी मिळून उतरवलं. ती उभी राहिली. पाय होते.

आक्का सोप्यात कॉटवर पडली होती. अंगात काही उरलं नव्हतं, नुसती घडी केलेली चादर असावी तशी. आई तिच्या उशाशी बसली आणि तिचा हात हातात घेतला. आक्कानं डोळे उघडले नाहीत. आईच्या बांगड्या चाचपल्या, मनगट चाचपलं, वर कोपरापर्यंत गेली. मग म्हणाली, ‘‘तंगी?’’ त्या भागात धाकट्या बहिणीला कानडीतलं तंगी म्हणायची पद्धत आहे.

‘‘व्हय गं, आक्का.’’

‘‘एवडी बारीक कशानं झालीस? खात न्हाईस?’’

आई हसायला लागली आणि पट्ट्यामुळं तिला नीट हसता येईना. ती ओरडून म्हणाली, ‘‘मी खातेय. तू खाईनास म्हनं.’’

‘‘कशी आलीस?’’ आक्कानं विचारलं. ‘‘यष्टीनं आलीस व्हय?’’

आईनं दाराकडं बघितलं. दारात दादा उभा होता, मागं अंगणात ती काळी, बसक्या चाकांची गाडी, तिच्याभोवती गावातली निम्मी माणसं आणि प्रत्येकाचा अंगठा टायरवर.

‘‘व्हय,’’ आई ओरडली. ‘‘यष्टीनं.’’

‘‘बरं झालं. जागा गावली?’’

‘‘गावली.’’

दादानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार. तो चपला काढून आत आला, कॉटच्या पायथ्याशी जमिनीवर बसला, आणि मोठ्यानं म्हणाला, ‘‘खिडकीजवळची गावली, आक्का.’’

भाचेसुनेनं पेज आणली. आईनं चमचा हातात घेतला. आक्कानं तोंड फिरवलं. ‘‘तू खा आदी,’’ म्हणाली. आईनं एक चमचा स्वतः खाल्ला, एक तिला दिला. असं करत वाटी संपली. त्या घरात सहा दिवसांनी वाटी संपली होती, असं भाचेसुनेनं मागं स्वयंपाकघरात आम्हाला हळूच सांगितलं.

आम्ही रात्री राहून सकाळी आईला घेऊन परतायचं ठरवलं होतं. सकाळी सोप्यात आलो तर आक्काच्या कॉटला लागून दुसरी कॉट टाकलेली. तिच्यावर आई पट्टा बांधून आडवी. दोघींची तोंडं वर आढ्याकडं.

‘‘तुमी जावा,’’ आई म्हणाली. ‘‘मी हितंच ऱ्हाते.’’

‘‘अगं, पण तुझी औषधं...’’ मी सुरुवात केली.

‘‘पाटवून द्या. वडाप येतंय की रोज.’’

‘‘आनी परत कवा न्यायचं?’’ दादानं विचारलं.

 त्या प्रश्नाचं उत्तर तिघांनाही माहीत होतं, आणि ते आक्काच्या उशाशी बसून बोलण्यासारखं नव्हतं. आक्काला ऐकू येत नव्हतं, तरीसुद्धा.

आक्का पाडव्याच्या आधी चार दिवस गेली. तोवर आई तिथंच होती. जेवण पेजेच्या पुढं गेलं नाही, पण रोज दोन वाट्या होत होत्या, एक हिची, एक तिची. शेवटच्या आठवड्यात आक्का आईला ओळखत नव्हती, नुसतं मनगट धरून असे. दिवस झाल्यावर आम्ही तिला आणायला गेलो. तेव्हा गाडीला कोणते टायर होते, हवा किती होती, हे मला कितीही आठवलं तरी आठवत नाही. दादालाही नाही. आई येताना आडवी झाली नाही. पट्टा तिनं तिथंच भाचेसुनेकडं ठेवला होता. ती पुढच्या सीटवर दादाशेजारी ताठ बसली, आणि कोल्हापूर येईपर्यंत तिनं एकदाही विचारलं नाही की कुठलं गाव गेलं.